‘याचं ओरिजिनल कुठे आहे?’

आमच्या कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाच्या पहिल्याच दुपारी एक गृहस्थ माझ्या चित्रांसमोर थांबले. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात क्रॉफर्ड मार्केटातून घेतलेल्या फळांची पिशवी. तिन्ही चित्रं त्यांनी शांतपणे पाहिली. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. मग शेजारी उभी असलेली मी दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, “याचं ओरिजिनल कुठे आहे?”

“हेच ओरिजिनल आहे, काका.”

“असं कसं? इथे खाली पेन्सिलीने २/१० लिहिलंय. म्हणजे ही दहातली दुसरी कॉपी. मग मूळ चित्र कुठेतरी असणारच की.”

मी बोलायला लागले: जस्ताचा पत्रा, ॲसिड, प्रेस, ओला कागद. त्यांनी ऐकून घेतलं, “छान छान” म्हणाले आणि पुढे गेले. त्यांना पटलेलं नव्हतं, हे पाठमोऱ्या माणसाकडे बघूनही कळत होतं. पुढच्या सात दिवसांत हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की त्या प्रदर्शनाची आठवण म्हटली की मला आधी तोच ऐकू येतो.

मी तेव्हा जेजेत, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि वर्षभर बहुतेक वेळ प्रिंटमेकिंगच्या खोलीत काढला होता. मराठीत मुद्राचित्रण म्हणतात. आम्ही आपसात नुसतं ‘प्रिंट’ म्हणायचो. माझा विषय होता रिकामी लोकल. आम्ही कल्याण पूर्वेला राहतो. बाबा रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर. लहानपणापासून लोकल भरलेलीच पाहिलेली. एकदा रात्री उशिरा डब्यात मी एकटीच होते आणि वरच्या सगळ्या कड्या एका लयीत हलत होत्या. धरायला एकही हात नाही. ते डोक्यातून जाईना. चार महिने मी तेच काढत राहिले.

एचिंगची, म्हणजे ॲसिडने पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून छापण्याची, सुरुवात चित्राने होत नाही, कानशीने होते. जस्ताचा पत्रा कापून आणला की त्याच्या चारही कडा तिरक्या घासाव्या लागतात, साधारण पंचेचाळीस अंशात. नाहीतर प्रेसमधून जाताना कडेची धार कागद फाडते आणि वरचं नमद्याचं ब्लँकेट कापते. ब्लँकेट महाग असतं आणि ते सगळ्यांचं असतं. पहिली प्लेट मी घरी घासत बसले होते, कानस पुढेमागे, पुढेमागे, आणि पत्रा नुसता किंचाळत होता. बाबा जेवून उठले, थोडा वेळ बघत राहिले.

“काय करतेयस?”

“कडा तिरक्या करायच्यात.”

“चॅम्फर मारायचाय म्हण की. असा नाही मारत.”

त्यांनी पत्रा टेबलाच्या काठाला लाकडाच्या फळीखाली दाबला, कानस दोन्ही हातांनी आडवी धरली आणि फक्त पुढे ढकलली. मागे येताना उचलायची, घासायची नाही. परत येताना कानस कापत नाही, तिचे दातच बोथट होतात. दहा-बारा हातांत एक कड झाली, काचेसारखी. मग अंगठ्याने कड चाचपून म्हणाले, “बर राहिलीय,” आणि पॉलिश पेपरने ती अदृश्य खरखरही काढून टाकली. त्या दिवसानंतर माझ्या प्लेटच्या कडा कॉलेजात कोणीही ओळखायचं. चित्र छापलं की चारी बाजूंनी कागद दबून जी चौकट उठते, तिला प्लेट मार्क म्हणतात. माझा प्लेट मार्क स्वच्छ यायचा तो बाबांमुळे.

पुढचं काम सांगायला सोपं आणि करायला वेळखाऊ आहे. खडूच्या भुकटीने पत्र्याचा तेलकटपणा काढायचा, वर मेण, राळ आणि डांबरी बिट्युमेनचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर सुईने चित्र काढायचं. सुई जिथून जाते तिथे धातू उघडा पडतो. मग पत्रा पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये. हे मिश्रण करताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हे आमच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि तरी दर नव्या मुलाला तोंडीही सांगितलं जायचं. पत्रा आत गेला की उघड्या रेघांवर बारीक बुडबुडे धरतात, जणू चित्र श्वास घेतंय. ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला करत राहायचं, नाहीतर रेघ ओबडधोबड खाल्ली जाते. जी रेघ फिकी हवी तिच्यावर लवकर व्हार्निश लावून ती बंद करायची, जी काळी हवी ती आत राहू द्यायची. काळं म्हणजे खोल. छटा हव्या असतील तर ॲक्वाटिंट: राळेची पूड पत्र्यावर धुळीसारखी बसवायची आणि खालून तापवायची. पांढरट पूड वितळून एकदम पारदर्शक होते, तो क्षण पकडायचा. डब्यातला ट्यूबलाइटचा मळकट उजेड मी ॲक्वाटिंटने आणला. सहा वेळा ॲसिडमध्ये, दर वेळी थोडा भाग बंद करत.

सगळं उलटं काढावं लागतं, हे विसरता येत नाही. डब्यातल्या पाटीवरची अक्षरं मी आधी ट्रेसिंगवर काढून, कागद पालथा करून पत्र्यावर उतरवली होती.

छापताना शाई पत्र्यावर चोळून खोलात भरायची, मग जाळीच्या कडक कापडाने पुसायची आणि शेवटी तळहाताने. तळहाताला किंचित खडू लावून. किती पुसायचं हे कोणी शिकवू शकत नाही. दहा प्रती काढल्या तर दहा वेळा नव्याने ठरवावं लागतं. म्हणून ‘कॉपी’ हा शब्द ऐकला की मला बोलावंसं वाटायचं. चित्रांची झेरॉक्स निघते तशी ही निघत नाही. प्रत्येक कागदामागे अर्धा-पाऊण तास आणि एक काळा तळहात असतो.

निवडीच्या दिवशी मी पाच प्रिंट मांडल्या, तीन ठेवल्या गेल्या. एकीत कड्यांखाली मी एक झोपलेला माणूस घातला होता. आमचे सर म्हणाले, “हा इथे का आला? तुझा डबा रिकामा आहे ना?” मला वाईट वाटलं आणि त्याच संध्याकाळी, ट्रेनमध्ये, ते बरोबर आहे हेही कळलं.

मग माझ्या हातून चूक झाली. फ्रेमिंगची तारीख तोंडावर आली होती आणि मी शेवटच्या प्रिंट छापून तिसऱ्याच दिवशी घराजवळच्या फ्रेमवाल्याकडे दिल्या. वरून कागद कोरडा वाटत होता, पण एचिंगचा कागद छापण्याआधी पाण्यात भिजवलेला असतो. तो आतून सुकायला ब्लॉटिंग पेपरमध्ये, वजनाखाली, बरेच दिवस लागतात. फ्रेम घेऊन आले, रात्री भिंतीला टेकवून ठेवल्या. सकाळी बघते तर काचेमागे तिन्ही कागदांना लाटा आलेल्या. मधली प्रिंट तर एका कोपऱ्यात पार काचेला चिकटलेली. प्रदर्शनाला आठवडाच उरला होता.

रडण्यात अर्धा तास गेला. मग बाबांनी पक्कड आणली, मागचे बारीक खिळे एकेक उपसले, ब्राऊन टेप सोडवली. काचेला चिकटलेला कोपरा मी सोडवायला गेले असते तर फाडलाच असता. आईने काच पालथी धरून कागदाच्या मागून ओलसर फडका फिरवला आणि कागद आपोआप सुटला. शाईचा एक बारीक डाग काचेवर राहिला, चित्रात मात्र काही दिसलं नाही. तिन्ही कागद मागून किंचित ओले केले, ब्लॉटिंगच्या मध्ये ठेवले, वर दोन प्लायवूड, त्यावर तांदळाचा डबा, पिठाचा डबा आणि बाबांची हत्यारांची पेटी. दर सकाळी ब्लॉटिंग बदलायची. चौथ्या दिवशी कागद पाटासारखे सपाट निघाले. या वेळी मी काच आणि कागद यांच्यात जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगितला, म्हणजे काच कागदाला लागणारच नाही. तो मी आधीच सांगायला हवा होता. जो कोणी पहिल्यांदा प्रिंट फ्रेम करत असेल त्याने निदान एवढं लक्षात ठेवावं: कागद सुकू द्या आणि काचेपासून लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे लगेजच्या डब्यातून फ्रेम नेल्या. जुन्या चादरी गुंडाळलेल्या, सुतळीने बांधलेल्या. भाजीच्या गाठोड्यांमध्ये एका माणसाने न विचारता आपली पाटी सरकवली आणि म्हणाला, “काच आहे ना? इथे ठेव, इथे कोणी पाय देत नाही.” सीएसएमटीपर्यंत तो त्या फ्रेमवर हात ठेवून उभा होता.

हँगिंगबद्दल, म्हणजे चित्रं भिंतीवर लावण्याबद्दल, मला सविस्तर लिहायचंय, कारण चार वर्षांत मी चित्र काढायला शिकले, पण चित्र दाखवायला त्या दोन दिवसांत शिकले.

आमची मुख्य इमारत १८७८ सालची. शाळा त्याआधीची, १८५७ ची. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून सुरू झालेली. काळा दगड, टोकदार कमानी, उंच छत आणि उत्तरेकडून येणारा थंड, न बदलणारा उजेड. एम. व्ही. धुरंधर १८९० मध्ये इथे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे इथेच शिकवू लागले. हे आम्ही पहिल्या वर्षी वाचलं, पाठ केलं आणि विसरलो. पण शिडीवर चढून जुन्या भिंतीत हूक शोधताना, प्लास्टरमध्ये बोटाला लागणारे आधीच्या खिळ्यांचे बुजवलेले खड्डे मोजताना, ते वेगळ्याच तऱ्हेने आठवतं. प्रत्येक खड्डा म्हणजे कोणाचं तरी चित्र.

हूक कमी पडले म्हणून मी आणि एक मैत्रीण लोहार चाळीत गेलो. जाताना क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची दगडी शिल्पं पाहायला थांबलो. ती लॉकवूड किपलिंग यांची. ते १८६५ मध्ये जेजेत शिकवायला आले. खाली फळांच्या गाड्या, वर शेतकऱ्यांची आणि बाजाराची शिल्पं, आणि वर मान करून बघणाऱ्या आम्ही दोघीच. शंभराहून जास्त वर्षं हे काम रस्त्यावर लावलेलं आहे, तिकीट नाही, वेळ नाही.

हँगिंगचा नियम साधा आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. फ्रेमचा वरचा काठ जुळवायचा नाही, मध्य जुळवायचा. भिंतीवर दोरा ताणायचा, त्यावरून खुणा करायच्या, स्पिरिट लेव्हल ठेवायची. मी हे सगळं केलं. तिन्ही प्रिंट एका ओळीत, सारख्या अंतराने. सर आले, लांब दाराशी जाऊन उभे राहिले आणि मला तिथे बोलावलं.

“इथून काय दिसतं?”

मला काचेत दिसत होत्या समोरच्या तीन ट्यूबलाइट. चित्रं दिसतच नव्हती.

“लोक दारातून येतात. इथून काही दिसलं नाही तर तिथवर जाणार कशाला?”

आम्ही फ्रेमच्या मागे, वरच्या बाजूला, लाकडाचे छोटे ठोकळे लावले, म्हणजे फ्रेम वरून अंगठ्याएवढ्या पुढे झुकल्या. ट्यूबलाइट काचेतून खाली सरकल्या आणि जमिनीवर गेल्या. मग सरांनी सारखी अंतरं मोडायला लावली. सगळ्यात काळी प्रिंट, जिच्यात फक्त कड्या आहेत, ती एकटी थोडी बाजूला. उरलेल्या दोन जवळजवळ. “तुझ्या चित्रात रिकामी जागा आहे, मग भिंतीवरही असू दे.” त्या एका बदलाने तीन सुटी चित्रं एकच गोष्ट सांगायला लागली. मी चार महिने पत्र्यावर जे शोधत होते, त्यातलं थोडं भिंतीच्या त्या तीन फूट मोकळ्या जागेत होतं.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. मला प्रिंटशेजारी जस्ताची प्लेट ठेवायची होती. सर नको म्हणाले. त्यांचं म्हणणं, चित्रकार चित्राशेजारी ब्रश ठेवत नाही. प्लेट हे साधन आहे, काम म्हणजे कागद. त्यात तथ्य होतं. मी ऐकलं.

उद्घाटन झालं, भाषणं झाली, बक्षिसं झाली. मला मिळालं नाही, आणि ज्यांना मिळालं त्यांचं काम चांगलं होतं. पण एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. बक्षिसाचं कार्ड फ्रेमखाली लागलं की लोक चित्र बघत नाहीत, कार्ड शोधत फिरतात. दारातून आत येतात, नजर भिंतीच्या खालच्या भागावरून फिरते, कार्ड दिसलं की थांबतात, फोटो काढतात आणि पुढच्या कार्डाकडे जातात. शंभर चित्रांतली नव्वद अशी मागे पडतात. कार्डं शेवटच्या दिवशी लावली तर? सहा दिवस लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी निवडू द्यावं.

आणि लोक येतात. हे मला आधी माहीत नव्हतं. एरवी आमच्या फाटकासमोरून हजारो माणसं सीएसएमटीकडे पळत जातात आणि आत कोणी वळत नाही. वार्षिक प्रदर्शनात फाटक सगळ्यांना उघडं असतं, आणि मग एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली शाळेची मुलं येतात, त्यांचे ड्रॉइंगचे सर येतात, जवळच्या ऑफिसांतले लोक जेवणाच्या सुट्टीत येतात, जुने विद्यार्थी नातवंडांना घेऊन येतात. जहांगीर आर्ट गॅलरी इथून फार लांब नाही, १९५२ पासून उभी आहे, तीही सगळ्यांसाठी खुली. पण तिथल्या काचेच्या दारातून आत जायला आमच्या चाळीतली माणसं बिचकतात. कॉलेजच्या आवारात बिचकत नाहीत, कारण इथे त्यांच्याच मुलांच्या वयाची मुलं स्टुलावर बसलेली असतात. स्वतःच्या चित्रासाठी भिंत मिळावी म्हणून पुढे आयुष्यभर धडपडायचं असतं. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, जिची स्थापनाच १८८८ ची. राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग. मग जहांगीरच्या तारखेसाठी वर्षानुवर्षांची वाट. पण इतकी मोकळी, काहीही न विकत घेणारी, वाट्टेल ते विचारणारी माणसं पुन्हा कुठे मिळतील?

त्यांनी विचारलेलंच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. एका शाळकरी मुलीने विचारलं, “या कड्या हलताहेत की थांबल्यात?” मी अजून त्याचं उत्तर शोधतेय. एक बाई बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी रोज शेवटच्या गाडीने जाते. हा उजेड असाच असतो.” एवढंच. ॲसिडमध्ये सहा वेळा घातलेला तो उजेड.

आणि बाकी सगळे: याचं ओरिजिनल कुठे आहे?

मी लोकांना राजा रविवर्म्याचं उदाहरण द्यायला लागले. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून, प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरून, लक्ष्मी-सरस्वती छापल्या आणि त्या घराघरांत गेल्या. हे सांगितलं की लोकांचे डोळे चमकायचे: आमच्या आजीकडे होती ती लक्ष्मी! पण मग घोळ वाढायचा. कारण तिथे मूळ तैलचित्र खरंच असायचं आणि छापलेली लक्ष्मी ही त्याची प्रत होती. माझ्याकडे मूळ असं दुसरं काहीच नाही. कागदावर छापलं जाईपर्यंत हे चित्र कुठेच नसतं. उदाहरण जवळचं होतं, पण उलट्या बाजूला नेणारं. मी ते सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सर माझ्या चित्रांजवळच्या बाकावर येऊन बसले. अर्धा तास काही बोलले नाहीत. तेवढ्यात चार जणांनी तोच प्रश्न विचारला. उठताना म्हणाले, “प्लेट आण. पण काचेखाली नको. लोकांना हात लावू दे.”

एक छोटं पेडेस्टल मिळालं, त्यावर कड्यांची प्लेट ठेवली. स्वच्छ पुसलेली, करडी, चमकणारी, सगळं चित्र उलटं. लोक वाकून बघायचे, मग प्रिंट बघायचे, मग पुन्हा प्लेट. बोट फिरवायचे. खोल रेघ बोटाला लागते.

रविवारी आई-बाबा आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आत येताना ते दारात जरा थबकले. माझी चित्रं त्यांनी घरी, पिठाच्या डब्याखाली, बघितलेलीच होती. इथे ती ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला असावा. आई प्रिंटसमोर गेली. बाबा थेट प्लेटकडे. खिशातून चष्मा काढला, वाकले आणि अंगठा चारही कडांवरून फिरवला. मग काही न बोलता कपाटाला टेकल्यासारखे तिथेच उभे राहिले.

थोड्या वेळाने एक साठीचे गृहस्थ आले. दोन्ही बघून त्यांनी मला नाही, बाबांना विचारलं, कारण तेच प्लेटजवळ उभे होते.

“मग यातलं ओरिजिनल कुठलं हो? हा पत्रा की ते?”

मी पुढे होणार, तेवढ्यात बाबा बोलले. “साहेब, कारखान्यात डाय असते ना. डायमधून जॉब निघतो. हा पत्रा म्हणजे डाय. डाय कोणी गाडीला लावतं का? गाडीला लागतो तो जॉब. ते भिंतीवर आहेत ते जॉब. प्रत्येक जॉब ओरिजिनलच असतो, कमी-जास्त उतरला तर तोही त्याचाच.”

“आणि हे दोन बाय दहा?”

“दहाच काढायचे असं ठरवलंय तिने. हा दुसरा.”

गृहस्थ हसले नाहीत, मान हलवत प्रिंटपाशी गेले आणि आता अगदी जवळून, कागद दबलेल्या त्या चौकटीकडे बघू लागले. “म्हणजे इथे पत्रा बसला होता,” ते स्वतःशीच म्हणाले. बाबांनी लगेच त्यांना प्लेटची कड दाखवली, ती तिरकी का लागते ते सांगितलं. मी आणि आई बाकावर बसलो. त्या दुपारी बाबांनी निदान वीस माणसांना एचिंग समजावून सांगितलं. ॲक्वाटिंटपाशी अडले की माझ्याकडे बघायचे, मी एक वाक्य सांगायचे, ते पुढच्या माणसाला त्यांच्या शब्दांत सांगायचे. संध्याकाळी घसा बसला होता त्यांचा.

उतरवायला दोन तास पुरले. दोन दिवस लावायला, दोन तास काढायला. हूक उपसले, भोकांत पुट्टी भरली, वरून पॉलिश पेपर मारला. चादरी, सुतळी, लगेजचा डबा.

कड्यांच्या प्लेटच्या मी तोवर सहाच प्रती काढल्या होत्या. पुढच्या दोन आठवड्यांत उरलेल्या चार काढल्या. एक त्या शेवटच्या गाडीच्या बाईंना द्यायची होती, पण त्या पुन्हा आल्या नाहीत. ती अजून माझ्याकडे आहे. दहा पूर्ण झाल्या की प्लेट रद्द करायची असते. तिच्यावर आरपार रेघ ओढायची, म्हणजे अकरावी प्रत कधी निघणार नाही आणि दहा म्हटलं तर दहाच. मी प्लेट घरी आणली आणि बाबांना स्क्रायबर मागितला.

“कशाला?”

मी सांगितलं. ते थोडा वेळ प्लेटकडे बघत राहिले. “चांगली डाय आहे. अजून शंभर निघतील.”

“दहाच सांगितलेत ना लोकांना. तुम्हीच सांगितलं.”

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, प्लेट दाबून धरली आणि स्क्रायबर माझ्या हातात दिला. “एका दमात ओढ. मध्ये थांबू नको.” मी डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत ओढला. जस्ताची बारीक कुरळी साल निघून वर्तमानपत्रावर पडली. बाबांनी फुंकर मारली, रेघ जिथे कडेला संपली तिथे अंगठा फिरवला आणि कानस घेऊन तिथली बर काढून टाकली.